बुजवलेल्या नदीचं नाव

२०२५ च्या मार्च महिन्यात मोबाइलवर एक लाट आली होती, ती तुम्हाला आठवत असेल. संगणकाला आपला फोटो द्यायचा आणि क्षणात तो ‘घिब्ली’ शैलीत रंगवून घ्यायचा. लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो असे रंगून घरोघर फिरले. मऊ रंग, टपोरे डोळे, मागे हिरवंगार झाड आणि पिंजलेल्या कापसासारखे ढग. त्या दिवसांत मला अनेकांनी विचारलं, की हे घिब्ली म्हणजे नेमकं काय? तोक्योतला एक अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, १९८५ साली सुरू झालेला, एवढं सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होई. पण त्या चित्रामागचं झाड कुठून आलं, हा प्रश्न राहूनच जाई. मी इतिहासाचा विद्यार्थी. त्या झाडालाही इतिहास आहे, असं मला वाटतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

हे चित्रपट निसर्गावर प्रेम करायला शिकवतात, असं साधारणपणे म्हटलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. या चित्रपटांतल्या जंगलांना, नद्यांना, टेकड्यांना पत्ते आहेत. अमुक उपसागर, अमुक टेकडी, अमुक साल. ते पत्ते शोधत गेलं की आधुनिक जपानची दीडशे वर्षांची कहाणी हाती येते, आणि ती बरीचशी दुखरी आहे.

सुरुवात तांब्याच्या एका खाणीपासून करू. १८६८ नंतर जपानने पश्चिमेची बरोबरी करण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी तांबं हवं होतं, आणि ते तोचिगी प्रांतातल्या आशिओच्या खाणीतून निघत होतं. खाणीचा धूर डोंगरावरची झाडं मारत गेला, खाणीचं पाणी वातारासे नदीत उतरलं. मासे मेले, पूर आला की विषारी गाळ भातशेतीत पसरू लागला. तानाका शोझो नावाच्या खासदाराने १८९१ मध्ये हा प्रश्न संसदेत मांडला आणि पुढे दहा वर्षं लावून धरला. काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी खासदारकी सोडली आणि १९०१ च्या डिसेंबरात खुद्द सम्राटाच्या बग्गीपुढे अर्ज घेऊन धाव घेतली. अर्ज पोचला नाही. पुराचं पाणी साठवायला म्हणून यानाका हे गाव सरकारने उठवलं आणि १९०७ मध्ये उरलेली घरंही पाडली. विकासाचा खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाची जपानमधली ही पहिली मोठी नोंद.

त्यानंतर अर्ध्या शतकाने तोच प्रश्न मिनामाता इथे उभा राहिला. क्यूशू बेटावरचं हे मासेमारांचं गाव. तिथे चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यातला पारा समुद्रात जात होता. समुद्रातून माशांत, माशांतून माणसांत. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, जिभा अडखळू लागल्या, मुलं पांगळी जन्मू लागली. या रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची आहे. कारण पारा हेच आहे, हे कुमामोतो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. सरकारने ते मान्य केलं १९६८ मध्ये, कारखान्याने ती उत्पादनपद्धत बंद केल्यानंतर! मधली नऊ वर्षं पारा वाहतच होता. निईगाता, योक्काइची, तोयामा इथूनही अशाच बातम्या आल्या. अखेर १९७० साली जपानी संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाबद्दलचे १४ कायदे केले आणि १९७१ मध्ये पर्यावरणाचं स्वतंत्र खातं निघालं.

ज्यांचे चित्रपट आज जगभर पाहिले जातात ते दोघे दिग्दर्शक याच काळात तरुण होते. इसाओ ताकाहाता १९३५ चे, हायाओ मियाझाकी १९४१ चे. दोघेही तोएई स्टुडिओत नोकरीला होते आणि तिथल्या कामगार संघटनेत त्यांची मैत्री जमली. मियाझाकींच्या घरच्या कारखान्यात युद्धकाळात लढाऊ विमानांचे सुटे भाग बनत. आपलं बालपण त्या पैशावर बरं गेलं, याची बोच त्यांना आयुष्यभर राहिली. ताकाहातांनी नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरची बॉम्बफेक भोगली होती. यंत्राचं आकर्षण आणि यंत्राची भीती या दोन्ही गोष्टी या पिढीच्या हाडात होत्या.

मियाझाकींचा ‘नाऊसिका’ हा चित्रपट मार्च १९८४ मध्ये आला. नायिकेचं नाव होमरच्या ‘ओडिसी’तल्या राजकन्येचं आहे आणि स्वभाव एका जुन्या जपानी कथेतल्या, किड्यामुंग्यांवर जीव लावणाऱ्या मुलीचा. कथा अशी. महायुद्धाला हजार वर्षं होऊन गेली आहेत. पृथ्वीवर बुरशीचं एक विषारी जंगल पसरत चाललं आहे. तिथली हवा पाच मिनिटं छातीत गेली तर माणूस मरतो. मोठमोठे किडे त्या जंगलाची राखण करतात. माणसांच्या राज्यांना ते जंगल जाळून टाकायचं आहे. नाऊसिका मात्र आपल्या तळघरात त्याच जंगलातली रोपं खोल विहिरीच्या पाण्यावर आणि स्वच्छ मातीवर वाढवून बघते. ती रोपं अजिबात विषारी निघत नाहीत. तेव्हा तिच्या लक्षात येतं, की विष झाडांचं नाही, मातीचं आहे. ते माणसांनीच मातीत घातलेलं आहे आणि जंगल ते शोषून घेत आहे. ज्याला सगळे शत्रू समजतात, तो खरं तर पृथ्वीची सफाई करतो आहे.

ही कल्पना कुठून आली, हे मियाझाकींनी सांगितलेलं आहे. मिनामाताच्या समुद्रात मासेमारी बंद झाली. मासे धरायला कुणी जाईना. काही वर्षांनी त्या पाण्यात माशांचे थवेच्या थवे दिसू लागले, खडक कालवांनी भरून गेले. विष पोटात घेऊन समुद्र जगत राहिला. ही बातमी ऐकून अंगावर काटा आला, असं ते म्हणतात. आपण निसर्गाला ‘बिचारा’ म्हणतो, त्याला वाचवायला निघतो. मियाझाकींना त्या समुद्रात दिसलं ते वेगळं होतं. निसर्ग माणसाविना चालू राहील. प्रश्न आहे तो माणसाचा. हीच कथा त्यांनी चित्रमालिकेच्या रूपात १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं लिहिली आणि तिचा शेवट चित्रपटापेक्षा कडू केला. तिथे ते जंगलसुद्धा पूर्वीच्या माणसांनी ठरवून घडवलेलं निघतं, आणि शुद्ध झालेल्या हवेत आजची माणसं जगू शकणार नाहीत, कारण त्यांची शरीरं विषाला सरावली आहेत. सोप्या उत्तराची वाट लेखकाने स्वतःच बंद केली.

अमेरिकेत हा चित्रपट १९८५ मध्ये गेला तेव्हा वितरकांनी वीसेक मिनिटं कापली, नाव बदललं आणि लढाईचा चित्रपट म्हणून विकला. जंगल माती शुद्ध करतं, हा गाभाच त्यात हरवला. तेव्हापासून घिब्लीने न कापण्याची अट घातली. पुढे एका अमेरिकन वितरकाने ‘मोनोनोके’ला कात्री लावायचा आग्रह धरला, तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकींनी त्याला एक जपानी तलवार भेट दिली आणि एकही दृश्य कापायचं नाही, असं बजावलं. चित्रपट पूर्ण लांबीचा गेला.

आता त्या हिरव्या झाडाकडे वळू. १९८८ च्या एप्रिलमध्ये ‘माझा शेजारी तोतोरो’ आला. दोन बहिणी, सात्सुकी आणि मेई, वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात. आई इस्पितळात आहे. घरामागे कापराचं एक प्रचंड झाड आहे आणि झाडात तोतोरो नावाचा एक गुबगुबीत, झोपाळू प्राणी राहतो. चित्रपटात खलनायक नाही, लढाई नाही. वडील मुलींना घेऊन झाडापुढे उभे राहतात, वाकून नमस्कार करतात आणि झाडाला सांगतात, की मुलीची काळजी घेतल्याबद्दल आभारी आहोत. झाडाच्या बुंध्याला गवताचा जाड दोर बांधलेला दिसतो. शिंतो परंपरेत ती पवित्र जागेची खूण असते.

आपल्याकडे देवराई असते, तशी जपानी खेड्यात देवळाभोवती राखलेली झाडी असते. पण १९०६ मध्ये सरकारने एक फर्मान काढलं, की लहानसहान देवळं मोठ्या देवळात विलीन करा. पुढच्या काही वर्षांत सुमारे ७० हजार देवस्थानं नाहीशी झाली आणि त्यांच्याभोवतीची जुनी झाडं लाकडाच्या भावाने विकली गेली. मिनाकाता कुमागुसू या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १९१० मध्ये त्यापायी कोठडीही भोगली. झाडी गेली तर पाखरं जातील, पाखरं गेली तर पिकांवर कीड वाढेल, गावाचं मन एकत्र बांधणारी जागाही जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तोतोरोच्या झाडापुढे वाकणारे वडील बघताना मला ते फर्मान आठवतं.

मियाझाकींना या झाडांकडे पाहण्याची दृष्टी एका शास्त्रज्ञाच्या पुस्तकाने दिली. नाकाओ सासुके या वनस्पतिशास्त्रज्ञांनी असा विचार मांडला होता, की हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, युनान असं करत थेट पश्चिम जपानपर्यंत तुकतुकीत पानांच्या सदाहरित वनांचा एक पट्टा आहे. चहा, रेशीम, लाख, आंबवलेलं सोयाबीन अशा गोष्टी या पट्ट्यातल्या लोकांत समान आहेत. युद्धखोर जपानचा तिटकारा आलेल्या तरुण मियाझाकींना हे वाचून मोकळं वाटलं. आपली नाळ सम्राट, सैन्य, राष्ट्र यांच्याही आधीच्या एका जंगलाशी जोडलेली आहे, आणि ते जंगल राष्ट्राच्या सीमा मानत नाही. आसामपर्यंत येणारा हा धागा आपल्यालाही जवळचा वाटावा. तसा एक धागा ‘लापुता’ या १९८६ च्या चित्रपटातही आहे. आकाशातल्या महालाच्या संहारक अस्त्राबद्दल बोलताना त्यातला खलनायक रामायणाचा आणि इंद्राच्या बाणाचा हवाला देतो.

तोतोरोचं खेडं मियाझाकींच्या घरापासून लांब नाही. तोक्यो आणि साइतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्या, तोकोरोझावा शहराच्या कडेच्या. ऐंशीच्या दशकात जमिनीचे भाव भडकले आणि या टेकड्या बिल्डरांच्या डोळ्यांत भरल्या. स्थानिक लोकांनी १९९० मध्ये लोकवर्गणीतून जमीन विकत घेण्याची मोहीम सुरू केली आणि तिला तोतोरोचं नाव दिलं. मियाझाकींनी चित्र वापरायला दिलं, पैसेही दिले. १९९१ मध्ये पहिला तुकडा घेतला. त्याचं नाव ‘तोतोरोचं जंगल क्रमांक एक’. आज असे पन्नासहून अधिक तुकडे आहेत. एकेक तुकडा लहान आहे, पण विकत घेतलेला आहे, त्याची राखण होते, दरवर्षी पालापाचोळा काढला जातो.

पालापाचोळा काढायचा म्हणजे काय? इथे ताकाहातांचं योगदान सुरू होतं, आणि माझ्या मते ते कमी ओळखलं गेलं आहे. जपानी भाषेत ‘सातोयामा’ असा शब्द आहे. गावाला लागून असलेला डोंगर. तिथून सरपण आणायचं, कोळसा पाडायचा, पाला खतासाठी न्यायचा, अळंबी वेचायची. झाड तोडलं की बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा तोडायचं. शेकडो वर्षं असं चालल्यामुळे त्या वनात ऊन पोचतं, फुलं येतात, बेडूक आणि काजवे राहतात. १९९१ च्या ‘ओमोइदे पोरोपोरो’ या चित्रपटात तोक्योतली एक तरुणी यामागाता प्रांतात करडईची फुलं खुडायला जाते आणि आजूबाजूचा निसर्ग किती सुंदर आहे, असं म्हणते. सोबतचा शेतकरी तिला सांगतो, की हा डोंगर, हा ओढा, हा बांध, यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. माणसं आणि निसर्ग यांनी एकमेकांशी झगडत, देवघेव करत हे घडवलं आहे. म्हणूनच शहरातल्या माणसाला इथे आपल्या गावी आल्यासारखं वाटतं.

याच विचारातून ताकाहातांनी एक माहितीपटही केला. फुकुओका प्रांतात यानागावा नावाचं कालव्यांचं शहर आहे. घरोघर नळ आले तसे कालवे कचऱ्याने तुंबले, डास झाले, दुर्गंधी सुटली. १९७७ मध्ये नगरपालिकेने बहुतेक कालवे बुजवायची योजना केली. त्या कामावर नेमलेल्या हिरोमात्सु त्सुताए या अधिकाऱ्यानेच नगराध्यक्षांना गाठून योजना थांबवायला लावली. मग तो रात्री रात्री मोहल्ल्यांत जाऊन लोकांशी बोलला, लोक चिखलात उतरले आणि कालवे पुन्हा वाहू लागले. माहितीपट १९८७ मध्ये पूर्ण झाला. त्याचा खर्च मियाझाकींनी ‘नाऊसिका’च्या कमाईतून केला होता. तो इतका वाढला, की पैसे उभे करायला नवा चित्रपट काढायचं ठरलं. तो ‘लापुता’, आणि तो काढायला जो स्टुडिओ उभा राहिला तो घिब्ली. थोडक्यात, जगप्रसिद्ध स्टुडिओच्या जन्माला एका गावाचे तुंबलेले कालवे कारण झाले!

यानागावाला जे जमलं ते तामा टेकड्यांना जमलं नाही. तोक्योच्या पश्चिमेला या टेकड्यांवर १९६५ मध्ये एक नवं शहर आखलं गेलं. क्षेत्र सुमारे २,९०० हेक्टर, तीन लाख माणसांची सोय. १९७१ च्या मार्चमध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. टेकड्या कापल्या, दऱ्या भरल्या आणि त्यावर एकसारख्या पाच-पाच मजली इमारतींच्या रांगा बसवल्या. ताकाहातांचा १९९४ चा ‘पोंपोको’ ही या शहराची कथा आहे, पण ती सांगितली आहे तिथल्या तानुकींच्या बाजूने. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला, दिसायला अस्वलाच्या पिल्लासारखा, लहानसा प्राणी. लोककथांत तो रूप बदलण्यात वाकबगार आहे आणि खाण्यापिण्याचा भारी शौकीन.

तानुकी सभा भरवतात, जुन्या विद्या पुन्हा शिकतात. शिकोकू बेटावरून म्हातारे गुरू आणतात आणि एके रात्री वस्तीच्या रस्त्यांवरून भुताखेतांची प्रचंड मिरवणूक काढतात. माणसं घाबरून पळतील, अशी त्यांना आशा असते. माणसं सज्जांत उभी राहून टाळ्या वाजवतात! दुसऱ्या दिवशी एका करमणूक उद्यानाचा मालक जाहीर करतो, की ही आमचीच जाहिरात होती. मी पाहिलेल्या चित्रपटांत चळवळीच्या पराभवाचं इतकं नेमकं दृश्य दुसरं नाही. पुढे काही तानुकी पोलिसांशी लढून मरतात. काही जण माणसाचं रूप घेऊन नोकरी धरतात, लोकलमध्ये उभे राहतात आणि दमतात. ज्यांना रूप बदलता येत नाही ते गोल्फच्या मैदानात, रस्त्याकडेला कसेबसे जगतात. शेवटी एक तानुकी थेट प्रेक्षकांकडे वळून विचारतो, की आम्ही ‘नाहीसे झालो’ असं तुम्ही बातम्यांत म्हणता. पण सशाला, मुंगसासारख्या प्राण्यांना तर रूपही बदलता येत नाही, ते कुठे नाहीसे होणार? गमतीजमतीचा हा चित्रपट त्या वर्षी जपानमधला सर्वाधिक चाललेला जपानी चित्रपट होता. आणि ज्या इमारतींसाठी टेकड्या कापल्या त्यांत आता म्हातारी माणसं राहतात. जिन्याचे चार-पाच मजले त्यांना चढवत नाहीत. माणसालाही ते शहर फार काळ पुरलं नाही.

यानंतर १९९७ च्या जुलैत मियाझाकींचा ‘मोनोनोके’ आला आणि जपानमधले उत्पन्नाचे सगळे विक्रम त्याने मोडले. इथे काळ मुरोमाची राजवटीचा, म्हणजे साधारण पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा. आशिताका नावाच्या तरुणावर एक पिसाळलेला रानडुक्कर धावून येतो. तो मुळात डुकरांचा देव होता. अंगात रुतलेल्या लोखंडी गोळीने त्याला शाप बनवलं. ती गोळी कुठून आली, याचा शोध घेत आशिताका पश्चिमेला जातो आणि एका लोखंडाच्या भट्टीवर पोचतो. भट्टीची मालकीण एबोशी जंगल तोडते, देवांवर बंदुका चालवते. एकीकडे लांडग्यांत वाढलेली सान नावाची मुलगी तिच्या जिवावर उठली आहे.

एवढं ऐकून वाटेल, की एबोशी खलनायिका. पण तिनेच कुंटणखान्यांतल्या बायका सोडवून आणल्या आहेत. महारोग्यांच्या जखमा ती स्वतः धुते, त्यांना काम देते. तिच्या गावात बायका पोटभर जेवतात आणि पुरुषांना सुनावतात. ही माणसं जगायची तर लोखंड हवं, लोखंड हवं तर कोळसा हवा, कोळसा हवा तर झाड पडणार. मियाझाकींच्या घराजवळ महारोग्यांचं एक मोठं आश्रयस्थान आहे. तिथे जाऊन आल्यावर त्यांनी ही पात्रं रंगवली. महारोग्यांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा जपानने १९९६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या केवळ एक वर्ष आधी रद्द केला, हे लक्षात घेतलं की त्या दृश्याचं वजन कळतं.

या भट्टीला जपानीत ‘तातारा’ म्हणतात. शिमाने प्रांतात तलवारींच्या पोलादासाठी आजही एक तातारा चालवतात. तीन दिवस, तीन रात्री भट्टी धगधगत ठेवायची. साधारण १० टन लोहमाती आणि १२ टन कोळसा घातला, की अडीच टन लोखंडाचा गोळा मिळतो. म्हणजे लोखंडापेक्षा जवळजवळ पाचपट कोळसा! चित्रपटात बायका पायाने भाता चालवतात. प्रत्यक्षात तातारावर बायकांना मज्जाव होता, आणि तसा मोठा भाता आला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस. इतिहासाला दिलेली ही बगल मुद्दाम आहे. ज्यांना इतिहासाने बाहेर ठेवलं त्यांना मियाझाकींनी भट्टीच्या मध्यभागी आणलं. तेव्हा जंगलाचा शत्रू कोण, हा प्रश्न अवघड झाला.

आणि खरा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. लोहमातीसाठी डोंगर धुतले गेले, गाळाने नद्यांचे तळ वर आले, खालच्या गावांत पूर आले. हे खरं. पण त्याच कापलेल्या डोंगरांवर पुढे भातखाचरं झाली, आणि भट्टीवाल्या घराण्यांनी तीसेक वर्षांच्या पाळीने जंगल तोडायची शिस्तही लावून घेतली. सतराव्या शतकात किल्ले आणि शहरं बांधताना जपानचे डोंगर बोडके होत चालले होते. १६६६ मध्ये शोगुनच्या राजवटीने झाडांची मुळं उपटायला बंदी केली आणि नदीकाठी रोपं लावायचा हुकूम काढला. आज जपानचा दोन तृतीयांश भाग वनाखाली आहे, तो अशा तोडीच्या आणि लागवडीच्या आलटून-पालटून आलेल्या काळांतून. त्यातलंही सुमारे ४० टक्के लावलेलं वन आहे. युद्धानंतर सुगी आणि हिनोकी या दोनच जातींची झाडं सरसकट लावली. पुढे परदेशी लाकूड स्वस्त झालं आणि ही झाडं तोडायला कुणी येईना. दर वसंतात त्यांच्या परागकणांनी लाखो जपानी लोक शिंकत असतात.

‘मोनोनोके’च्या शेवटी वनदेवतेचं शिर परत मिळतं आणि डोंगर पुन्हा हिरवा होतो. पण नीट बघा. ते पूर्वीचं गर्द, अंधारं रान नाही. कोवळं, उजळ, विरळ गवताचं रान आहे. म्हणजे सातोयामा. देव गेला, हिरवळ उरली. सान जंगलात परतते, आशिताका भट्टीवर राहतो, अधूनमधून भेटायचं ठरतं. तडजोड आहे, समेट नाही.

२००१ च्या ‘स्पिरिटेड अवे’ला बर्लिनचं सुवर्ण अस्वल आणि २००३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात देवांच्या स्नानगृहात एक चिखलाने लडबडलेला, घाण वासाचा देव येतो. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी ओढते. ती सायकल निघते. मागोमाग कचऱ्याचा ढीग बाहेर पडतो आणि स्वच्छ झालेला नदीचा देव हसत उडून जातो. मियाझाकी घराजवळच्या नदीच्या सफाईत जात. तिथे खरोखरच सायकल ओढून काढली होती.

त्याच चित्रपटात हाकू नावाचा मुलगा आहे. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, म्हणून घरी जाता येत नाही. अखेर चिहिरोला आठवतं, की लहानपणी आपण एका नदीत पडलो होतो. तिचं नाव कोहाकु. ती नदी आता बुजवली, तिच्यावर इमारती झाल्या. हाकू म्हणजे तीच नदी. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी तोक्यो सजलं, तेव्हा शहरातले कितीतरी ओढे आणि लहान नद्या स्लॅबखाली गेल्या, गटारं झाल्या. प्रसिद्ध निहोनबाशी पुलाच्या डोक्यावरून १९६३ मध्ये द्रुतगती मार्ग गेला. तो आता जमिनीखाली नेण्याचं काम सुरू आहे. नदीचं नाव विसरलं की ती नाहीशी होते, आणि कुणीतरी नाव घेतलं की ती निदान स्वतःला ओळखते, असं हा चित्रपट सांगतो. मला ते केवळ परीकथेतलं वाटत नाही. पुरात पाणी जुन्या वाटेनेच येतं. ती वाट कुठली हे सांगायला नावच उपयोगी पडतं.

चित्रपटाचा प्रत्यक्षात काही उपयोग होतो का, असं कुणी विचारेल. तोतोरोच्या जंगलांबद्दल सांगितलंच. दुसरं उदाहरण हिरोशिमा प्रांतातल्या तोमोनोउरा या जुन्या बंदराचं. मियाझाकी २००५ मध्ये तिथे काही काळ राहिले आणि तिथून २००८ चा ‘पोन्यो’ सुचला. त्या बंदरात भराव घालून पूल बांधायची योजना होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये हिरोशिमाच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन भरावाला परवानगी द्यायला मनाई केली. निकालाचं श्रेय चित्रपटाला देणं चूक होईल. लढा रहिवाशांचा आणि कितीतरी आधीपासूनचा होता. चित्रपटाने ते बंदर लोकांच्या डोळ्यांपुढे आणलं, इतकंच. नव्या पिढीचे माकोतो शिंकाई यांच्या २०१९ च्या ‘वेदरिंग विथ यू’मध्ये तोक्योत पाऊस थांबतच नाही. भारतातल्या चाहत्यांनी हजारो सह्यांचा अर्ज केला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत लागला.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. १ नोव्हेंबर २०२२ रोजी आइची प्रांतात घिब्ली पार्क सुरू झालं. झाडं न तोडता, असलेल्या बागेतच ते बसवलं आहे. सात्सुकी आणि मेईचं घरही तिथे आहे. ते २००५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं होतं. प्रदर्शनाचा विषय होता निसर्गाचं शहाणपण. मूळ योजनेत मात्र ते जवळच्या काइशो नावाच्या जंगलात भरणार होतं आणि नंतर तिथे घरांची वसाहत होणार होती. स्थानिक लोकांनी विरोध केला. १९९९ मध्ये तिथे ओओताका या शिकारी पक्ष्याची, म्हणजे आपल्या शिकऱ्याच्या थोरल्या भाऊबंदाची, घरटी सापडली. आंतरराष्ट्रीय प्रदर्शन संस्थेनेही कान उपटले. वसाहत रद्द झाली, प्रदर्शनाचा मुख्य भाग बागेत हलला, जंगल बरंचसं वाचलं.

या काइशोचा आणखी मागचा इतिहास असा, की शेजारच्या सेतो गावच्या कुंभारांच्या भट्ट्यांनी ते डोंगर एकेकाळी पार बोडके केले होते. मेइजी काळापासून लोकांनी झाडं लावली, डोंगर सावरला, आणि शंभर वर्षांनी तिथे ओओताकाने घरटं बांधलं. एबोशीच्या भट्टीची आणि कोवळ्या हिरवळीची गोष्ट तिथे खरोखर घडून गेलेली आहे, आणि तिच्यावर अजून तिकीट नाही.

पार्कात गर्दी असते. तोतोरोचा चित्रपट रोज बघणाऱ्या मुलांबद्दल मियाझाकी एकदा अशा अर्थाचं म्हणाले होते, की वर्षातून एकदा पाहिला तरी पुरे. उरलेला वेळ मुलांनी बाहेर जाऊन बिया वेचाव्यात. आपलं चित्र झाडाची जागा घेईल, ही भीती ते काढणाऱ्याला होती. मुलांना हे चित्रपट जरूर दाखवा. त्यानंतर त्यांना आपल्या भागातल्या ओढ्याचं नाव विचारा. त्यांना नाही आलं, तर आपल्याला तरी येतं का, हे पाहा. नसेल येत तर शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो असेपर्यंत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)